तरफेच्या तारा

डॉ. पाटोळेंनी भिंतीवरच्या पडद्यावर सारिकाचं यकृत दाखवलं, तेव्हा तिला ते दुधात बुडवून काढलेल्या पावासारखं दिसलं.

“चोवीस टक्के चरबी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दहाच्या खाली आली, तर तुमच्या भावाला यातला तुकडा देता येईल. आत्ता दिला, तर तो त्यांच्या उपयोगाचा नाही आणि मागे उरलेला तुमच्याही नाही.”

“किती दिवस आहेत?”

“बारा आठवडे. त्याहून जास्त धैर्यशील थांबू शकतील असं मला वाटत नाही.”

धैर्यशील तिचा धाकटा भाऊ, अडतीस वर्षांचा. सांगलीच्या शाळेत गणित शिकवायचा. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता; पण शरीराची संरक्षक यंत्रणाच त्याच्या पित्तनलिकांवर उलटली होती आणि वर्षभरात यकृत सुकत गेलं होतं. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. सारिकाचा जुळला. वजन उतरवायची इंजेक्शनं बाजारात होतीच, पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी सारिकाच्या स्वादुपिंडाला सूज आली होती, त्यामुळे ती वाट बंद होती.

“म्हणजे पथ्य आणि चालणं,” सारिका म्हणाली.

“आणि सोबत,” असं म्हणून डॉक्टरांनी शर्टाच्या बटणाएवढी एक काळी चकती तिच्यासमोर ठेवली. “ही कॉलरला लावायची. पंधरा दिवस नेहमीसारखं वागा. कुणालाही टाळू नका.”

सारिका सत्तेचाळीस वर्षांची होती आणि मिरजेत सतारीची जवारी काढायचं काम करत होती. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने घासत जायचा; इतका हलका, की तार तिला टेकते न टेकते अशी राहिली पाहिजे. सतारीचा झणत्कार त्या टेकण्यातून निघतो. केसाच्या जाडीच्या फरकाने घोडी बिघडते. असल्या कामात आयुष्य घालवलेल्या बाईचं स्वतःचं वजन मात्र वर्षभरात अकरा किलोंनी वाढलं होतं आणि तिला ते ब्लाउज उसवावे लागले तेव्हा कळलं होतं.

चकती काय करते ते डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं. अंगातली चरबी जळू लागली की त्या कामाचा एक टप्पा यकृतात पार पडतो. तिथे कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांतलं सगळ्यांत हलकं, ॲसिटोन, रक्तातून फुप्फुसात जातं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. आपण चरबी जाळतो आहोत की साठवतो आहोत, ते आपण दर श्वासाला हवेत सांगत असतो. चकती ते मिनिटामिनिटाला ऐकत होती.

हे जुनंच ज्ञान होतं. नवं होतं ते पुढचं. काही वर्षांपूर्वी एका दक्षिणध्रुवीय तळावर चौदा माणसं अख्खा हिवाळा बंदिस्त राहिली होती. त्यांच्या श्वासाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा शास्त्रज्ञांना आधी यंत्र बिघडल्याची शंका आली. चौदा जणांचं चरबी जळण्याचं वेळापत्रक हळूहळू एक झालं होतं. माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून अत्यल्प प्रमाणात बाहेर पडणारे काही रेणू शेजारच्याच्या नाकात शिरतात. त्यांचा वास येत नाही, पण मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला ते पोचतात आणि दहा-वीस मिनिटांत समोरच्याच्या शरीराची चाल बदलते. वर्षानुवर्षं एकत्र जेवणाऱ्या माणसांत हे जास्त होतं, कारण त्यांच्या आतड्यांतले जीवाणूही एकमेकांसारखे झालेले असतात.

“पथ्य एकट्याने पाळायची गोष्ट आहे असं आपण समजत होतो,” डॉक्टर म्हणाल्या. “शरीर तसं समजत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सतारींच्या कारखान्यात रुक्सानाने तिची कॉलर धरून चकती निरखली.

“हा काय ताईत बांधलास गं?”

“माझ्यावर नजर ठेवायला.”

“त्याला कशाला एवढी खटपट? मी आहे की.”

रुक्साना सतारमेकर ही कारखान्याची मालकीण. दोघी एकाच वयाच्या. रुक्सानाचे वडील नजीरचाचा यांनी बाविसाव्या वर्षी सारिकाच्या हातात कानस दिली, तेव्हापासून पंचवीस वर्षं दोघी एकाच खोलीत बसत आल्या होत्या. एक तारा लावायला, दुसरी घोड्या घासायला. दुपारी डबे एकत्र व्हायचे. चार वाजता चुरमुऱ्यांच्या भडंगाचा डबा निघायचा, त्यावर कांदा, वर शेंगदाणे. गेल्या वर्षभरात तो डबा बारालाच निघू लागला होता, आणि तेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तिचा सोबत-नकाशा काढला. मध्ये एक पांढरा ठिपका, ती सारिका. भोवती तिच्या सहवासातली माणसं. ज्यांच्याजवळ तिची चरबी जळत होती ते हिरवे, ज्यांच्याजवळ थांबत होती ते लाल. पोस्टातली विनया मगदूम, जिच्याबरोबर ती आठ दिवस गणेश तळ्याभोवती चालली होती, ती फिकट हिरवी होती. धैर्यशील राखाडी, म्हणजे कसलाच परिणाम नाही. आणि पांढऱ्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून एक ठिपका होता, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल.

“ह्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

सारिकाने त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “माझी मैत्रीण.”

“इतका गडद लाल मी आजवर पाहिला नाही. सारिकाताई, उरलेले दहा आठवडे तुम्हाला यांच्यापासून लांब राहावं लागेल.”

ती त्याच दुपारी कारखान्यात गेली आणि रुक्सानाला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यांच्यात कधी काही नव्हतं. रुक्साना खुंटी पिळत ऐकत राहिली.

“तर तुझ्या चरबीचं कारण मी आहे.”

“तू नाही गं. तुझी सोबत.”

“म्हणजे मी नाही, माझी हवा. बरं झालं सांगितलंस. मी आपली समजत होते, पंचवीस वर्षं आपलं बरं चाललंय.”

“दहा आठवड्यांचा प्रश्न आहे, रुक्साना. धैर्यासाठी…”

“धैर्याचं नाव मला सांगू नकोस. त्याच्यासाठी तू मला विहिरीत ढकललंस, तर मी खालून ओरडून विचारीन, झालं का काम?” तिने खुंटी सोडून दिली. “पण शर्टाचं बटण सांगतंय म्हणून ढकलतेस, याचं वाईट वाटलं. जा. घोड्या घरी पाठवत जाईन.” सारिका उंबऱ्यापर्यंत गेल्यावर ती मागून म्हणाली, “भडंग बांधून देऊ का म्हणणार होते बघ. जिभेवर आलं होतं.”

पहिला खोका दोन दिवसांनी रिक्षातून आला. सारिकाने तो उघडला, वरचा कागद काढला, खालचा काढला. खोक्यात फक्त घोड्या होत्या. पंचवीस वर्षांत रुक्सानाकडून आलेल्या खोक्यात नुसत्या घोड्या कधीच नव्हत्या.

ती नियमाने वागली. पहाटे विनयाबरोबर तळ्याभोवती सहा फेऱ्या. विनया चांगली बाई होती. पावलं मोजायची, पाठ थोपटायची, कधी उणं बोलायची नाही. “सारिकाताई, आज अकरा हजार! शाब्बास हं!” ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. चौथ्या आठवड्यात चरबी एकोणीसवर आली. विनयाने टाळ्या वाजवल्या. सातव्या आठवड्यात ती अठरा होती.

“शरीर अडून बसलंय,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी धैर्यशीलचे आकडे सांगितले नाहीत. सांगायची गरजही नव्हती. त्याच्या रक्ताचा अहवाल गेलं वर्षभर रोज सकाळी साडेअकराला सारिकाच्या फोनवर येत होता.

संध्याकाळी ती त्याच्या खोलीत गेली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्यालाही तुलनेसाठी चकती लावलेली होती आणि उशाशी त्याचा आलेख लुकलुकत होता. बायको जवळ आली की त्याची रेघ जराशी हलायची. बाकी कुणासाठी नाही.

“दुपारी रुक्सानाअक्का येऊन गेली,” तो म्हणाला. “तासभर बसली. माझी रेघ बघत होती. म्हणते, तुझ्यावर माझा काही परिणाम होत नाही वाटतं, मग तुझ्याकडे यायला मोकळी मी.”

सारिकाने त्याच्या पांघरुणाची घडी उगाचच नीट केली.

“अक्का, नाही जमलं तर नाही. मनाला लावून घेऊ नकोस.”

“गप्प बस,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरी आलेल्या खोक्याबरोबर एक पूर्ण सतार होती. गिऱ्हाइकाची तक्रार होती, की एक तरफ करकरते. सतारीत वरच्या तारांखाली बारीक तेरा तारा असतात, त्या तरफा. त्यांना सहसा कुणी छेडत नाही. वरची बाजाची तार वाजली, की तिच्या सुराला जुळलेली तरफ आपोआप बोलू लागते.

सारिकाने सतार मांडीवर घेतली आणि कागदाचे तांदळाएवढे तुकडे तरफांवर ठेवले. मग बाजाची तार छेडली. बारा कागद जागच्या जागी राहिले. पाचव्या तरफेवरचा कागद टुणकन उडाला आणि ती तार करकरली. तिचा हात सवयीने त्या तरफेच्या खुंटीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

पंचवीस वर्षांपूर्वी, कारखान्यातल्या पहिल्या महिन्यात, तिने हेच केलं होतं. करकरणारी तरफ दिसली, पिळली खुंटी. नजीरचाचांनी तिचा हात धरला होता. “पोरी, तिचे कान कशाला पिळतेस? ती आपल्या मनाने बोलली का? वर कोण वाजलं ते बघ. आणि एवढ्या जोरात बोलते म्हणजे तीच सगळ्यांत जुळलेली आहे. न जुळलेल्या बघ कशा गप्प बसल्यात.” प्रत्येक शिकाऊ माणूस ती चूक एकदा करतो. करकर बाजाच्या तारेखालच्या घोडीत असते.

सारिकाने उडालेला कागद शोधला. तो तिच्या पदरावर पडला होता. तो तिने मुठीत घेतला. मग सतार भिंतीला टेकवून ती तशीच इस्पितळात गेली.

“डॉक्टर, तुमच्या चकतीला हे कळतं का, की आधी कोण वाजलं?”

डॉ. पाटोळेंनी मान वर केली. “म्हणजे?”

“रुक्साना जवळ असली की माझी चरबी जळायची थांबते. बरोबर? पण सुरुवात तिने केली, की मी केली आणि ती माझ्यामागून बोलली?”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. “चकती फक्त तुमची बाजू ऐकते. दुसरी बाजू आम्ही ऐकलेलीच नाही.”

“आणि रंगाचा गडदपणा?”

“तो परिणामाचा जोर. जितका गडद, तितका धोका.”

“किंवा तितकी जुळणी,” सारिका म्हणाली.

कारखान्याच्या दारात ती पोचली, तेव्हा रुक्साना पाठमोरी बसून सतारीच्या तुंब्यावर पॉलिश चढवत होती. सारिकाने एक चकती तिच्यासमोरच्या पाटावर ठेवली.

“आता हे काय? मलाही पेशंट केलंस?”

“नाही. साक्षीदार.”

“कशाची?”

“मी चुकीच्या खुंटीला हात घातला होता, रुक्साना.”

रुक्सानाने फडकं खाली ठेवलं. तिच्या बापाचं वाक्य तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तिने चकती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि कुर्त्याला लावली.

“पहिल्या महिन्यातली चूक,” ती पुटपुटली. “पंचवीस वर्षं फुकट शिकवलं अब्बांनी.”

चार दिवस दोघी पूर्वीसारख्या शेजारी बसल्या, पूर्वीसारख्या जेवल्या. सारिकाला एकेका घासाची भीती वाटत होती. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला आणि चरबी जळण्याच्या दोन रेघा भिंतीवर लावल्या. निळी सारिकाची, पिवळी रुक्सानाची.

साडेअकराला निळी रेघ दरीत कोसळावी तशी खाली येत होती. पिवळी सरळ चालली होती. मग चौदा मिनिटांनी पिवळी तशीच वाकली, त्याच उतारावर, त्याच वळणाने. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, चौदा मिनिटं. डॉक्टरांनी दोन्ही रेघा एकमेकींवर सरकवल्या, तर त्या एकच रेघ झाल्या.

एका बाईच्या छातीत काहीतरी तुटत होतं आणि तिच्या शेजारी खुंट्या पिळत बसलेल्या दुसऱ्या बाईच्या यकृताला, रक्ताला, श्वासाला ते चौदा मिनिटांत कळत होतं. तिला स्वतःला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, भूक लागली.

“साडेअकराला काय होतं?” डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं.

“धैर्याचा अहवाल येतो,” सारिका म्हणाली. “म्हणजे धसका बसला की तुमचं शरीर चरबी जाळायचं सोडून साठवू लागतं,” डॉक्टर म्हणाल्या.

रुक्साना भिंतीकडे बघत होती. “एक विचारू का, डॉक्टर? ह्या वर्षात माझे नऊ किलो वाढलेत. ते हिनं वाढवले म्हणायचे?”

“तसं म्हणता येईल.”

“आणि लाल ठिपका माझ्या नावावर! तुमच्या यंत्राला जरा लाज असू द्या की.” मग तिने सारिकाकडे हात पुढे केला. “फोन आण इकडे.”

“कशाला?”

“तो अहवाल उद्यापासून माझ्याकडे येईल. मी वाचीन. तुला संध्याकाळी सांगीन, जेवण झाल्यावर, बरा असो की वाईट. साडेअकराला तू कानस चालवायची.”

“तू लपवशील.”

“सारके, मी तुझ्यापासून एक तरी गोष्ट कधी लपवून ठेवू शकले का? आणि आता तर बटणही लावलंय.”

पाच आठवडे उरले होते. भडंगाचा डबा विनयाकडे गेला. तिने तो पोस्टात वाटला आणि पहाटेच्या फेऱ्यांत आता तिघी झाल्या. जेवण सकाळी नऊला आणि दुपारी दोनला, दोघींचं सारखं, तेवढंच. रुक्सानाला यकृत द्यायचं नव्हतं, तरी ती भाकरीचा तुकडासुद्धा जास्त घेत नव्हती. साडेअकरा वाजले की ती फोन घेऊन मागच्या अंगणात जायची आणि परत येऊन शेजारी बसायची. तिच्या चेहऱ्यावरून सारिकाला काही कळत नसे. श्वासावरून शरीराला काय कळत असेल, ते शरीराला ठाऊक.

नवव्या दिवशी पिवळी रेघ आपणहून वर चढली. रुक्सानाची चरबी जळू लागली होती. चौदा मिनिटांनी निळी तिच्यामागून निघाली. दोघी एका खोलीत बसल्या होत्या, एकीच्या हातात कानस, दुसरीच्या हातात तार; कुणी चालत नव्हतं, धावत नव्हतं. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच घडताना दिसलं नसतं. डॉक्टरांनी आपल्या खोलीत बसून त्या रेघा पाहिल्या आणि त्या दुपारी त्यांनी दुसरा पेशंट अर्धा तास उशिरा घेतला.

बाराव्या आठवड्यात चरबी नऊ टक्के निघाली.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. सारिकाच्या यकृताचा साठ टक्के भाग धैर्यशीलला बसवला. सगळं नीट झालं, तर यकृत दोन-तीन महिन्यांत दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण वाढतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही आतल्या अवयवाला हे जमत नाही. सारिका शुद्धीवर आली, तेव्हा रुक्साना काचेपलीकडे उभी होती. तिने दोन बोटांनी काचेवर टकटक केलं आणि अंगठा वर केला. म्हणजे दोन्हीकडे ठीक होतं.

चार महिन्यांनी, एका शनिवारी, धैर्यशील पहिल्यांदा कारखान्यात आला. डोळे पांढरे स्वच्छ, शर्ट अजून ढगळ. तपासणीसाठी तिघांच्याही कॉलरला चकत्या होत्या आणि त्यांच्या रेघा दाखवणारा छोटा पडदा पाटावर ठेवला होता. तो भिंतीला टेकून बसला आणि वह्या तपासू लागला. लहानपणापासून त्याला जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. हातात पेन असलं की त्याला भूक माहीतच नसे.

रुक्सानाची सकाळ धावपळीत गेली होती आणि तिचा नऊचा डबा तसाच राहिला होता. ती दोनदा आळोखेपिळोखे देऊन पुन्हा तार ओढू लागली. सारिका घोडी घासत होती. थोड्या वेळाने तिलाही भूक लागली आणि तिने कानस खाली ठेवली.

त्याच क्षणी धैर्यशीलने पेनाला टोपण लावलं.

“अक्का,” तो जरा ओशाळून म्हणाला, “डबा कधी उघडायचा?”

सारिकाने घड्याळाकडे पाहिलं, मग पाटावरच्या पडद्याकडे. पिवळी रेघ साडेबाराला वर चढली होती. तिच्यामागे चौदा मिनिटांनी निळी. हिरवी, धैर्यशीलची, तिला दिसेना. तिने पडदा जवळ ओढला, बोटांनी मोठा केला, तेव्हा कळलं. हिरवी निळीच्या खालीच होती. सुरुवातीपासून चढाच्या टोकापर्यंत, मिनिटाचाही फरक नव्हता.

इस्पितळात रुक्साना तासन् तास त्याच्या उशाशी बसली होती, तेव्हा हीच रेघ तिच्यासाठी ढिम्म हलली नव्हती.

तिने डॉक्टरांना चित्र पाठवलं. मग फोन वाजला. “ॲसिटोन यकृतातूनच येतं, ते यकृत तुमचं आहे, इथपर्यंत मला समजतं,” डॉ. पाटोळे म्हणाल्या. “पण नाक त्यांचं, मेंदू त्यांचा. पंचवीस वर्षांची जुळणी तुकड्याबरोबर कशी गेली, ते मला माहीत नाही, सारिकाताई. कुणालाच माहीत नाही.” त्यांच्या आवाजात लहान मुलीसारखा आनंद होता.

“काय म्हणतात?” रुक्सानाने विचारलं.

सारिकाने समोरची सतार ओढून घेतली, कागदाचे दोन बारीक तुकडे फाडले आणि शेजारशेजारच्या दोन तरफांवर ठेवले. त्या दोन्ही एकाच सुराला लावलेल्या होत्या. मग तिने सतार रुक्सानाकडे सरकवली.

“वाजव,” ती म्हणाली.

रुक्सानाने बाजाची तार छेडली. दोन्ही कागद एकदम उडाले.

धैर्यशील हसला. “हा काय खेळ आहे तुमचा?”

“खेळ नव्हे,” रुक्साना डब्याचं झाकण काढत म्हणाली. “तू आता आमच्या कारखान्यातला झालास. हात धुऊन ये.”